देवश्रीचं बाळ

उज्जैन, १८ नोव्हेंबर

जयू,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून ठेवलंस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, एवढं बरं आहे.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण तुला कशाला फसवू? रागावलेलीच आहे. तुझ्या नातवाच्या बारशाला एवढी हौसेनं बडोद्याला आले, हातानं शिवलेली झबली आणली, आणि बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा तू कानाशी येऊन म्हणालीस, "ताई, तू खुर्चीवर बस ना, सवाष्णी करतील." प्रभाकर गेल्यापासून मी खुर्चीवरच बसून आहे असं वाटतं का तुला? इथे उज्जैनमध्ये अपुऱ्या दिवसांची जी बाळं जन्माला येतात, त्यांना आजीच्या आधी माझा हात लागतो. अजून कुणाचं काही वाकडं झालेलं नाही.

असो. लिहायला बसले ते या रडगाण्यासाठी नाही. आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, आणि घरात टीव्हीशिवाय कुणी नाही.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. दिवस भरायच्या आधी बाळ जन्मलं की त्याच्या डोळ्याच्या आतला पडदा अर्धाच तयार असतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या वाढत वाढत कडेपर्यंत पोचायच्या असतात. काही बाळांमध्ये त्या मध्येच थांबतात, वाट चुकल्यासारख्या भलतीकडे गुंता करतात आणि शेवटी तो पडदाच ओढून सुटा करतात. बाळ आंधळं होतं. बाहेरून काही कळत नाही. डोळे काळेभोर, टपोरे, दृष्ट काढावी असे. घरच्यांना कित्येक महिन्यांनी लक्षात येतं की हे आपल्याकडे बघतच नाही, आणि तोवर सगळं संपलेलं असतं. वेळेत कळलं तर लेझरनं डोळा वाचतो. म्हणून मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन इथल्या हॉस्पिटलांच्या नर्सरी-नर्सरीत फिरते. बाळाच्या काचेच्या पेटीपाशी उभं राहून आतल्या पडद्याचे फोटो काढायचे, इंदूरच्या डॉक्टरांना पाठवायचे. ते बघून सांगतात.

डोळ्याची बाहुली मोठी व्हायचे थेंब घालायचे, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, पापण्यांत बारीक तारेची क्लिप लावायची म्हणजे डोळा मिटत नाही. मग कॅमेरा अलगद डोळ्याला टेकवायचा. लॅपटॉपवर सगळं नारिंगी होतं आणि त्यात लाल फांद्या पसरलेल्या दिसतात. डोळा सताड उघडा असतो, पण त्यातून बघणारं अजून कुणी आलेलं नसतं. मला या गोष्टीची भीती कधी वाटली नव्हती.

फ्रीगंजमधल्या एका नर्सरीत एक मराठी मुलगी होती, देवश्री. अपुऱ्या दिवसांत मुलगी झालेली. नर्सरीत बाळांना नाव नसतं. पायाला आईच्या नावाची पट्टी बांधतात, की झालं. देवश्रीची बेबी. आत फक्त आईला सोडतात, त्यामुळे तिची सासू काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून असायची, पाठ करून. आणि गंमत बघ, पूजा सिस्टरनं "देवश्री!" अशी हाक मारली की ही पोरगी दचकून आधी त्या दाराकडे बघायची आणि मग ओ द्यायची. एकदा मला हळूच म्हणाली, "काकू, मला नावानं नका ना बोलावू. बेबी की मम्मी म्हणा, बस." मी म्हटलं, नखरे आहेत एकेकीचे. विसरूनही गेले.

शनिवारी तिच्या बाळाचे फोटो काढले. वजन बऱ्यापैकी वाढलं होतं, संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. आज इंदूरहून डॉक्टरांचा निरोप आला. दोन्ही डोळे. नसा फुगलेल्या, नागमोडी. दोन-तीन दिवसांत लेझर झालं नाही तर काही करता येणार नाही.

फोन लावला तर बंद. तो नंबर नवऱ्याचा आणि नवरा मस्कतला परत गेलेला, असं पूजा म्हणाली. दिवसभर लावत होते. देवश्रीच्या आधार कार्डावर भैरवगढचा पत्ता आहे, उद्या सकाळी तिथे जाते. बाळ आत्ता कुठल्या तरी घरात दूध पिऊन झोपलं असेल आणि सगळे म्हणत असतील, किती छान डोळे आहेत.

तुझी न बोलावलेली,
ताई


उज्जैन, १९ नोव्हेंबर

जयू,

कालचं पत्र अजून पेटीत पडलं नाही, एकाच पाकिटात घालून आजच स्पीड पोस्टनं पाठवेन.

भैरवगढला गेले. आधारवरचं घर देवश्रीच्या माहेरचं निघालं. वडील शाळामास्तर होते, ते वारले, आता तिथे कापडावर छपाई करणारं कुटुंब राहतं. अंगणभर लाल-काळ्या चादरी वाळत घातलेल्या. त्यातून वाट काढत एक बाई आली. "देवश्री दीदी? उनकी तो शादी हो गई. नानाखेड़ा में, पोतनीस साहब के यहाँ." मी रिक्षात बसले तशी ती मागून आली. म्हणाली, "दीदी ठीक हैं ना? पिछले साल इधर सिद्धवट पे देखा था. पूरा घर आया था, पंडितजी पिंड दिलवा रहे थे. मैंने पूछा किसका है, तो कोई बोला नहीं. दीदी मुझे ऐसे देख रही थीं जैसे पहचानती ही नहीं."

सिद्धवटला पिंडदानाला सगळं उज्जैन जातं. मी मनावर घेतलं नाही.

नानाखेड्याला बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत पोतनीसांचं घर सापडलं. दारापुढे ताजी रांगोळी, पितळी पाटी लखलखीत. दार सासूनं उघडलं, तीच बाकावरची. अहल्याबाई. कडक इस्त्रीचं सुती लुगडं, चष्मा, आवाज अगदी मऊ.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"देवश्री आहे का? मी नर्सरीतून आले."

"देवश्री शांत झाली."

आपल्याकडे कुणी गेलं की शांत झालं म्हणतात, तुला आठवत असेल. म्हटलं, दोन दिवसांत? बाळंतपणाचं काही उलटलं?

"कधी?" मी विचारलं.

"मागच्या साली. तेरावं पण झालं. तुम्हाला कुणीतरी गलत पत्ता दिला."

"अहो, शनिवारी मी तिच्याशी बोलले. तिच्या बाळाचे डोळे तपासले मी."

"तिला बाळ नव्हतं," अहल्याबाई म्हणाल्या. "तिची बाळं राहिलीच नाहीत ना." दूध नासलं, आज चहा मिळणार नाही, असं सांगावं इतक्या सहज.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं रडणं मी झोपेतही ओळखेन, मांजराच्या पिलासारखं बारीक असतं. आणि पाठोपाठ बाळाला खांद्यावर घेऊन ती बाहेर आली. तीच. तोच हनुवटीवरचा व्रण, तीच वाकून चालायची ढब.

"ही आमची सून, मृण्मयी," सासू म्हणाली.

मी सासूला बाजूला सारून सरळ तिलाच म्हटलं, "देवश्री, अगं, बाळाच्या डोळ्यांना..."

ती मागे वळली, जयू. मान वळवून आपल्या पाठीमागे कोण आहे ते बघितलं. मागे बोळ होता आणि फ्रिज. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू? मग माझ्याकडे वळून सपाट आवाजात म्हणाली, "आईंनी सांगितलं ना, काकू. ती गेली."

काकू म्हणाली. म्हणजे मला ओळखलं होतं.

दार लावून घेतलं. कडी आतून घातल्याचा आवाज आला. मी दोनदा बेल वाजवली, कुणी आलं नाही. शेवटी चपलांच्या स्टँडवर माझं कार्ड ठेवलं, मागे लिहिलं, "बाळाची दृष्टी जाईल, लगेच फोन करा," आणि खाली उतरले. कॉलनीत पोरं क्रिकेट खेळत होती, भाजीवाला ओरडत होता, भर दुपार होती. आणि मला तेवढ्या उन्हात हुडहुडी भरली.

मला भुताखेतांचं काही वाटत नाही, तुला ठाऊक आहे. पण जिवंत बाईनं आपण मेलो म्हणून सांगितलं की काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. पूजाला सांगितलं तर म्हणते, "मैडम, पुलिस बुला लो." पोलीस काय करतील? देवश्री नावाचं तिथे कुणी नाही, हे सगळं घर सांगेल. उद्या पुन्हा जाणार. दाराशी बसून राहीन. दुसरं काही सुचत नाही.

ताई


उज्जैन, २० नोव्हेंबर

जयू,

सकाळी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात फोन आला. अनोळखी नंबर. नळाचं पाणी धो धो पडत होतं आणि त्यातून कुजबूज, "काकू, मोठ्यानं बोलता येत नाही, बाथरूममध्ये आहे."

तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते.

लग्नात हिचं नाव देवश्रीचं मृण्मयी झालं. त्यात नवल काय, आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितातच. तुझं बदललं, माझंही भार्गवीचं सुमन केलं होतं, प्रभाकरांनी ते कधी वापरलं नाही म्हणून बुजून गेलं. जुनं नाव मग कुठे जातं, हे मी तरी आयुष्यात विचारलं नव्हतं.

या घरानं विचारलं. हिची दोन बाळं पोटातच गेली. कुणा गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, जुन्या नावाची बाई अजून सुटलेली नाही, तीच मागे राहून बाळं नेते. तिला रीतसर निरोप द्या. मग सिद्धवटावर कणकेची बाहुली केली, तिला हिची माहेरची साडी गुंडाळली, बाहुलीला देवश्री म्हणाले आणि पिंड देऊन नदीत सोडली. हिला थंड पाण्यानं आंघोळ घातली.

"तेराव्याला पंगत होती," ती म्हणाली. "माझ्या तेराव्याला मीच वाढलं, काकू. सगळे जेवले. बासुंदी चांगली झाली म्हणाले."

त्यानंतर हे बाळ राहिलं. पण कळा फार लवकर सुरू झाल्या. धावपळीत नवऱ्यानं काउंटरवर आधार कार्ड दिलं, त्यावर जुनंच नाव. "आत गेले तर सगळीकडे तीच. सिस्टर तिला हाक मारायच्या आणि ओ मी द्यायचे. माझ्या बाळाच्या पायाला तिची पट्टी. आई म्हणतात, तू ओ दिलीस म्हणून तिला परत वाट सापडली. काल तुम्ही दाराशी येऊन हाक मारलीत ना, तेव्हा ती माझ्या मागे उभी होती."

मी म्हटलं, "बये, तू शिकलेली दिसतेस."

"एम.कॉम. आहे," ती म्हणाली. आणि मग तिनं विचारलं, "काकू, खरं सांगा. डोळे कुणाच्या बाळाचे खराब आहेत? माझ्या की तिच्या?"

मला संताप आला, जयू. असा संताप, की फोनमधून हात घालून तिला गदागदा हलवावं. "तुझ्या" म्हणून सांगणारच होते. पण तीच पुढे म्हणाली, "माझ्या बाळाचे असले तर आई म्हणतात, उद्या गुरुजींना बोलवायचं. बाळाला घेऊन परत सिद्धवटला जायचं."

उद्या. माझ्याजवळचा एकच दिवस ते लोक बाहुल्या सोडण्यात घालवणार होते, आणि त्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तेवढ्यात सुटून आला असता.

मी म्हटलं, "तिच्या."

नळ चालूच होता.

"देवश्रीच्या बाळाचे डोळे खराब आहेत," मी म्हटलं. "पण तुझी मुलगी तिच्या शेजारच्या पेटीत होती. हा रोग शेजारी जातो. आजच्या आज तपासायला पाहिजे. सासूबाईंना फोन दे."

हा रोग शेजारी जात नाही. एका बाळाचा दुसऱ्याला होत नाही, हेच इतकी वर्षं आयांना समजावत आले. अहल्याबाई फोनवर आल्या तेव्हा मात्र तेच खोटं मी आणखी ठासून सांगितलं.

"मतलब, तिचं बाळ आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मुलगी?"

"मुलगी."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा माणूस ऐकू आला, भ्यालेलं. "आम्ही आणतो आमच्या बाळाला. पण तिला दुसऱ्या खोलीत ठेवा हं."

दुपारी आले. पूजानं काही न विचारता पायाला नवी पट्टी बांधली, मृण्मयीची बेबी. मी पुन्हा थेंब घातले, क्लिप लावली, कॅमेरा टेकवला. शनिवारी थांबलेल्या नसा तिथेच थांबलेल्या होत्या, गुंता वाढला होता. फोटो पाठवले आणि थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन. "भार्गवीजी, ये क्या भेजा है? एक ही आँख दो नाम से? मोड़-मोड़ वही है." मी व्हरांड्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मैं कल सुबह मशीन लेकर आ रहा हूँ. नाम का बाद में देखेंगे."

परत आले तर अहल्याबाई दारात उभ्या. सुनेला आत येऊ न देता मला हळूच विचारलं, "ती कुठे आहे?"

मी बोट वर केलं. सुचलं ते केलं.

"रडते का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि त्याच क्षणी आम्ही दोघींनी वर बघितलं. कारण वरून रडण्याचा आवाज येत होता. बारीक, पिलासारखा. पूजानंही मान वर केली. त्या इमारतीला वर मजला नाही, जयू. गच्ची आहे आणि पाण्याच्या टाक्या. पाइपात हवा अडकली की असा आवाज होतो म्हणे.

ताई


उज्जैन, २२ नोव्हेंबर

जयू,

तुझा मिस्ड कॉल बघितला. पत्रं मिळाली तर. काल मी ऑपरेशनच्या खोलीत होते, आणि बाहेर आल्यावर बोलायला जीभ उचलेना. तू केलास हे मात्र लक्षात ठेवलंय.

लेझर झालं. दोन्ही डोळ्यांना. आधी अडचण संमतीच्या सहीची. आईची सही हवी, आधारशी जुळणारी. मृण्मयी पेन हातात धरून बसली होती आणि सासू शेजारी, पेनाच्या टोकावर नजर ठेवून. पोरीच्या कपाळाला घाम फुटला. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि शाईचं पॅड मागितलं. एम.कॉम. झालेल्या बाईनं अंगठा लावला. अंगठ्याला नाव नसतं. सासू समाधानानं मागे टेकून बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं.

आत डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "बेबी ऑफ?" पूजा माझ्याकडे बघायला लागली, मी बाळाकडे. डॉक्टरच म्हणाले, "ठीक है, यही है," आणि कामाला लागले. मी बाळाचं डोकं धरलं होतं, तुझ्या त्या खुर्चीवर बसवलेल्या हातांनी. हिरवा ठिपका उमटायचा आणि विझायचा. आतल्या नारिंगी पडद्यावर कडेकडेनं फिकट डागांची रांग तयार होत गेली. संपल्यावर डॉक्टर म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर मी परत पाठवलं असतं. आता बघायचं. उजव्याची खात्री आहे, डाव्याची नाही.

जाताना अहल्याबाईंनी पिशवीतून एक नवं झबलं काढलं. वाटलं, मला काही देतायत. म्हणाल्या, "हे तिच्या बाळाला. तिला सांगा, हे घे आणि आमच्या दारी येऊ नकोस. आमच्याकडून इतकंच होईल." घेऊ नये असं फार वाटलं. पण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मृण्मयी बाजूलाच होती, बाळाला थोपटत. झबल्याकडे बघून म्हणाली, "तिला जरा मोठं होईल. तिचं वजन कमी आहे."

दोन्ही बाळं एकच आहेत हे तिला ठाऊक आहे की नाही, याचा मी कालपासून विचार करते आहे. सासूपुढे नाटक करत असेल तर कमाल आहे पोरीची. आणि नाटक नसेल, तर ते मीच तिच्या डोक्यात घातलं आहे. तिच्या घरच्यांनी एक बाई मारून ठेवली होती, मी तिला पोर दिलं. पण तिनं नळाखाली उभं राहून विचारलं तेव्हा मी "तुझ्या" म्हटलं असतं, तर आज ते बाळ आंधळं असतं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

झबलं कपाटात ठेवलं नाही, बाहेर गॅलरीत टांगलं आहे. घरात नको वाटलं.

फोन करू नकोस एवढ्यात. मी करेन.

ताई


उज्जैन, ९ जानेवारी

जयू,

परवा फोनवर तू रडलीस आणि मी "बरं बरं" म्हणून ठेवून दिला. तू विचारत होतीस, त्या बाळाचं पुढे काय झालं. फोनवर सांगितलं नाही कारण आज शेवटची तपासणी होती, आणि कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आधी चांगलं सांगते. डोळे वाचले. दोन्ही. डावासुद्धा. आज फोटो काढले तर गुंता विरून गेलेला, नसा सरळ, पडदा जिथल्या तिथे घट्ट. इंदूरहून डॉक्टरांनी लिहून पाठवलं, "बहुत बढ़िया." मी छोटी बॅटरी लावून बाळाच्या तोंडापुढे फिरवली. ती उजवीकडे नेली तशी नजर उजवीकडे आली, डावीकडे नेली तशी डावीकडे. मी तीन-चारदा उगीचच फिरवली. पूजानं टाळ्या वाजवल्या. एवढी वर्षं या डोळ्यांतून बघणारं कुणी नसताना मी आत बघत आले, आज आतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मला हुंदका आला, आणि लाज वाटली नाही.

मृण्मयीनं बाळाला मांडीवर घेतलं. अंगानं भरली आहे, गालावर तेज आलंय. सासूला आज आम्ही आत येऊ दिलं होतं, तरी ती उंबऱ्याशीच थांबली. बारसं कधी, मी विचारलं. पुढच्या आठवड्यात, अहल्याबाई म्हणाल्या, आणि मला यायचा आग्रह केला. पाळण्यात घालायला तुम्हीच पाहिजेत म्हणाल्या. बघ जयू.

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि एकदा छताकडे बघितलं.

"आणि तिच्या बाळाचं काय झालं, ताई?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला आत्ताही ठाऊक नाही. कदाचित खरं सांगितलं असतं, आता डोळे वाचले होते. पण मृण्मयीच बोलली. बाळाचं टोपरं सरळ करत, अगदी रोजच्या आवाजात.

"ती आंधळी झाली, आई. मग गेली."

"आणि ती?"

"ती पण. दोघी गेल्या."

"नक्की ना?"

"मी होते ना तिथे," मृण्मयी म्हणाली. "बाळाला दिसेना म्हणून ते रडत होतं. तिनं त्याला जवळ घेतलं. मग दोघींचा आवाज बंद झाला."

अहल्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचे खांदे खाली आले, कितीतरी महिन्यांचं ओझं उतरल्यासारखे. "सुटली बिचारी," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग लगबगीनं पिशवी उचलली, कारण घरी जाऊन सगळ्यांना आंघोळी करायला हव्या होत्या.

मी मृण्मयीच्या चेहऱ्यात शोधत होते, जयू. एखादी खूण, ओठाचा कोपरा, निदान माझ्याकडे एक चोरटी नजर, की काकू, संपवलं बघा एकदाचं. तसं काही नव्हतं. दुःखही नव्हतं. आणि तिच्या मांडीवर ते बाळ होतं, नीट दिसणारं, दोन्ही डोळ्यांनी. ती हे सगळं बोलत असताना ते सारखं तिच्या तोंडाकडे बघत होतं.

तुझी,
ताई